लावू नये

वायरींच्या वाटेला मी सहसा जात नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. घरात बल्ब गेला तर तो बदलायचं काम बायको करते आणि स्टूल धरायचं काम मी करतो. ही वाटणी गेली चोवीस वर्षं कुणाचीही तक्रार न येता चालू आहे. तेव्हा टर्नटेबल ॲम्प्लिफायरला जोडायचं काम मी आपणहून अंगावर ओढून घेतलं असं जे आमच्या इमारतीत बोललं जातं, ते पूर्ण खरं नाही. मी फक्त "वीस मिनिटांचं काम आहे" एवढंच म्हणालो होतो. ते ऐकणारे नको तितके निघाले, हे माझं दुर्दैव.

झालं असं, की माझे सासरे, ज्यांना बायकोसारखं मीही आप्पाच म्हणतो, सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं एकटेच राहत होते. वय एक्याऐंशी. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण बायकोची झोप मोडली. "आमच्याकडे राहायला या" म्हणून ती रोज फोन करायची आणि ते रोज तिच्या गुडघ्याची चौकशी करून विषय बदलायचे. शेवटी एक दिवस ती फोनवर रडली. मग आप्पा म्हणाले, "माझा रेकॉर्डचा सेट घेऊन जा. माझा ॲम्प्लिफायर बंद पडून दोन वर्षं झाली, तुमच्याकडे आहे म्हणतात. माझ्याकडे जसा वाजायचा तसा तिकडे वाजला, तर येतो राहायला. पुढच्या रविवारी ऐकायला येईन. नाही वाजला, तर हा विषय परत काढायचा नाही."

बायकोने हे मला सांगितलं तेव्हा शेजारचे पूलवाले आमच्याकडे पेपर वाचत बसले होते. हे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले, आणि आता बांधायला पूल उरले नाहीत म्हणून शेजाऱ्यांना सल्ले देतात. मी "वीस मिनिटांचं काम आहे" म्हणालो ते त्यांच्यासमोर. त्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला. त्या पाहण्यात सगळं पुढचं आलं होतं, पण ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

इथे घड्याळाविषयी सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी कौतुकाने आप्पांच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली होती. आतून काहीतरी टण् असा आवाज झाला. ते घड्याळ तेव्हापासून सव्वाचार दाखवतं. आप्पा त्याबद्दल मला आजवर एक अक्षर बोलले नाहीत. पण घड्याळ त्यांनी भिंतीवरून काढलंही नाही आणि दुरुस्तही करून घेतलं नाही. चोवीस वर्षं मी त्या घरी जेवलो तो त्या सव्वाचारकडे पाठ करून. तेव्हा हा सेट वाजणं बायकोसाठी तिच्या वडिलांचा प्रश्न होता, आणि माझ्यासाठी त्याशिवाय इभ्रतीचाही.

सेट आणला. आप्पा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. "डावा." "उजवा." "झाकण दोन्ही हातांनी उघडणे." सुईच्या जवळ "फुंकर मारू नये." आणि मागून एक बारीक काळी तार निघालेली होती, टोकाला तांब्याचा छोटासा चिमटा. ती नीट गुंडाळून, दोऱ्याचे तीन वेढे देऊन बांधून ठेवलेली होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "लावू नये." खाली दोन रेघा.

मी पालिकेच्या जुन्या फायलींच्या विभागात सव्वीस वर्षं आहे. आमच्याकडे माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकतो: लेखी असेल ते पाळायचं, आणि बंद असेल ते उघडायचं नाही. या दोन नियमांवर मी तीन साहेब निवृत्त होताना पाहिले. त्यामुळे "लावू नये" वाचून मला बरंच वाटलं. एक तार कमी झाली.

ॲम्प्लिफायर माझा, लग्नाच्या आधीचा. त्याच्या पाठीला जोड्याजोड्यांनी भोकं आहेत. त्यातल्या एका जोडीवर कंपनीने पत्र्याची छोटी टोपणं घट्ट बसवलेली होती. म्हणजे ती बंद. आप्पा यायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी शेजारच्या उघड्या जोडीत डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे बसवला, आप्पांची व्हायोलिनची तबकडी लावली, श्वास रोखून सुई टेकवली. एकूण अठरा मिनिटं लागली.

व्हायोलिन वाजलं, पण तीन घरं सोडून कुणीतरी दार लावून वाजवत असावं इतकं. बायको कान स्पीकरला लावून म्हणाली, "आहे. काहीतरी आहे." मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग तीन घरांऐवजी दोन घरं झाली.

"लेव्हल," पूलवाले दारातून म्हणाले. ते कधी आले कळलं नाही. "पाया चुकला की वरचं सगळं चुकतं. तबकडी तिरकी फिरतेय." ते घरी जाऊन आपली लेव्हलची बाटली घेऊन आले, काचेत बुडबुडा असलेली. टेबल खरंच तिरकं निघालं. आम्ही पायाखाली पुठ्ठे घातले. बुडबुडा मधे येईना. मग पूलवाल्यांनी बाटली जमिनीवर ठेवली आणि दारापासून खिडकीपर्यंत गुडघ्यांवर रांगत गेले. खिडकीपाशी उठून हात झटकत म्हणाले, "टेबल सरळ आहे. जमीन तिरकी आहे. दोन बोटं."

हे ते माझ्यापाशी म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं. पण परत जाताना ते जिन्यात भेटेल त्याला म्हणत गेले. दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी आपली कपाटं खिडकीकडून दाराकडे सरकवली होती, तोल सांभाळायला म्हणून. आणि संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. "आपण इमारतीच्या तोलाविषयी रहिवाशांत घबराट पसरवीत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."

मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण नोटीस नीट वाचल्यावर दिसलं की तिच्यावर जावक क्रमांकच नाही. जावक क्रमांक नसलेल्या कागदाला खुलासा देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मी तसा शेरा मारून नोटीस परत पाठवली. त्या दिवसापासून सेक्रेटरी जिन्यात मला पाहून चपलेचा पट्टा नीट करायला वाकतात.

व्हायोलिन मात्र दोन घरांपलीकडेच राहिलं. बुधवारी बायको म्हणाली, "आता मेकॅनिकला बोलवूया. आप्पा यायला चार दिवस उरले." रेडिओ दुरुस्त करणारे एक मेकॅनिक होते, वयस्क, तोंडातून शब्द गेला तर पुन्हा मिळणार नाही असं वाटणारे. त्यांनी ॲम्प्लिफायर फिरवून त्याची पाठ पाहिली.

"ही टोपणं का नाही काढली?"

"बंद होती."

"टोपण काढल्याशिवाय बाटलीतलं औषध घेता का?"

त्यांनी अंगठ्याच्या नखाने दोन्ही टोपणं टक्टक् काढली, दोन्ही पिना त्या भोकांत बसवल्या आणि म्हणाले, "रेकॉर्डचं भोक हेच. बारीक आवाज इथेच मोठा होतो. लावा."

मी सुई टेकवली. आवाजाचं बटण रविवारपासून शेवटपर्यंत फिरवलेलंच आहे, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यानंतर काय झालं ते मी सांगत नाही. समोरच्या इमारतीतल्या बाईंच्या हातून कपडे वाळत घालायची काठी खाली पडली एवढंच सांगतो. दहा मिनिटांत सेक्रेटरींची दुसरी नोटीस आली. हिच्यावर जावक क्रमांक होता, लाल शाईत.

आवाज कमी केल्यावर मात्र व्हायोलिन खोलीत आलं. आलं, पण एकटं नाही. त्याच्या खालून घूंऽऽ असा एक सलग आवाज येत होता. तबकडी थांबवली तरी तो थांबेना.

"ही बारीक तार लावा," मेकॅनिक म्हणाले.

मी त्यांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून मागे काही आहे का पाहिलं. "कोणी लिहिलंय?"

"सासऱ्यांनी."

"मग घरचा मामला आहे. मी पडत नाही." पेचकस खिशात घालत म्हणाले, "नाहीतर घराचं अर्थिंग तपासून घ्या. तिथे गडबड असली तरी घुमतं."

बायको म्हणाली, "आप्पांना फोन करून विचारूया ना, की ही तार का लावायची नाही."

"अजिबात नाही," मी म्हणालो. विचारलं असतं तर पलीकडून काय आलं असतं ते मला ठाऊक होतं. काहीच आलं नसतं. ते नुसते गप्प बसले असते, आणि त्या गप्प बसण्यात सव्वाचार वाजले असते. आणि न विचारता तार लावावी, तर आतून पुन्हा टण् झालं म्हणजे? घड्याळ एक वेळ परवडलं. हा सेट गेला असता तर त्याच्याबरोबर आप्पांचं येणंही गेलं असतं.

"मला आठवतंय," बायको म्हणाली, "आप्पांकडेही असंच काहीतरी घूं व्हायचं."

"तो फ्रिजचा आवाज," मी म्हणालो. का म्हणालो, कुठल्या आधारावर म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.

गुरुवारी रजा टाकून वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकी क्रमांक तीन. तक्रारीच्या फॉर्मवर चार चौकोन होते: वीज नाही, दाब कमी, मीटर जलद फिरतो, खांब पडला. घूं कुठेच नव्हतं. मी खिडकीतल्या कारकुनांना तसं सांगितलं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन नव्याने वाचला. मी जुन्या फायलींच्या विभागात आहे हे कळल्यावर त्यांनी मला आतली खुर्ची दिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, तुम्ही आपल्यातले म्हणून सांगतो. पहिल्या तिन्हींना महिना लागतो. खांब पडला म्हटलं की दोन दिवसांत माणसं येतात."

"पण खांब पडलेला नाही."

"कारण लिहायला जागा आहे ना खाली. तिथे खरं लिहा."

सव्वीस वर्षांत मी कागदावर खोटं लिहिलेलं नाही. पण डोळ्यांपुढे बायको आली, फोन हातात धरून रडणारी. मी "खांब पडला" या चौकोनात खूण केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "घरात घूं असा आवाज येतो." ते खालचं कुणी वाचत नाही, हे माझ्यासारख्याला तरी कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी एक ट्रक आला. शिड्या, दोरखंड, चार माणसं आणि मिशीवाले मुख्य वायरमन. पडलेल्या खांबाला हात लावण्याआधी वीज तोडायची असा त्यांचा नियम. त्याप्रमाणे त्यांनी आल्या आल्या इमारतीची वीज तोडली आणि मग खांब शोधायला निघाले. इमारतीला दोन चकरा मारल्यावर उभे खांबच सापडले, तेव्हा वायरमन माझं नाव विचारत वर आले.

"पडलेला खांब कुठाय?"

मी त्यांना आत नेलं आणि टर्नटेबल दाखवलं. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"आणि आवाज?"

आवाज नव्हता. वीजच नव्हती तर आवाज कुठून येणार? घरात इतकी शांतता होती की जिन्यातून कुणीतरी दार ठोठावत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं. ते लिफ्टचं दार होतं. आत सेक्रेटरी होते.

वीज आली. सेक्रेटरी बाहेर पडले. घूंही सुरू झालं. वायरमननी बोर्ड उघडून, दिवा लावून, वायर धरून अर्थिंग तपासलं. ते उत्तम निघालं. "इतकं चांगलं अर्थिंग या रस्त्यावर दुसरं नाही," ते म्हणाले, आणि नाही म्हटलं तरी मला अभिमान वाटला. मग त्यांनी टेबलामागे डोकावून पाहिलं. "ही तार का बांधून ठेवलीय?"

"लावू नये असं लिहिलंय," मी म्हणालो.

वायरमननी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. उद्या रविवार. ती आतून कात्री घेऊन आली, दोरा कापला, तार सोडवली आणि तिचा चिमटा ॲम्प्लिफायरमागच्या पितळी खुंटीखाली सरकवून खुंटी बोटांनी आवळली.

घूं थांबलं. टण् झालं नाही. मी सुई टेकवली आणि व्हायोलिन एकटं, स्वच्छ, आमच्या खोलीत वाजायला लागलं. मुख्य वायरमन स्टुलावर टेकले. तिसरी नोटीस हातात घेऊन तावातावाने आलेले सेक्रेटरी दारात थांबले, आणि अख्खी बाजू संपेपर्यंत नोटीस पाठीमागे धरून उभे राहिले. मला फार सुखाचं वाटलं. बायकोच्या शेजारी बसून ते ऐकताना मी मनातल्या मनात ते घड्याळही भिंतीवरून उतरवलं.

रविवारी आप्पा आले. बरोबर कापडी बॅग होती. बायकोने ती घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी "राहू दे" म्हणून मांडीवरच ठेवली. पूलवाले हजर होतेच. सेक्रेटरीही "सहज" आले होते. मी तबकडी लावली.

आप्पांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, अर्धी बाजू झाल्यावर ते म्हणाले, "मेहनत घेतलीत तुम्ही. फार स्वच्छ वाजतोय."

"तुमच्या आशीर्वादाने," मी म्हणालो. इतकं गुळमुळीत मी एरवी बोलत नाही.

"पण माझ्याकडे असा वाजत नव्हता." त्यांनी बॅगेचा बंद हातात घेतला. "काय नाही ते मला सांगता येत नाही. पण हा तो सेट वाटत नाही. बघा, जमत नाही कधीकधी. संध्याकाळच्या गाडीने जातो मी."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरलं होतं, आणि ती तिच्या वडिलांची मुलगी आहे. तिचा चेहरा मला पाहवेना. म्हणून मी दुसरीकडे पाहिलं, तर टेबलावर ती कापलेल्या दोऱ्याची चिठ्ठी पडली होती. लावू नये. खाली दोन रेघा.

आमच्या विभागात साधारण दहा वर्षांनी एखादा कागद असा सापडतो, की ज्याच्यावर जे लिहिलंय तेवढाच त्याचा अर्थ असतो. मी उठलो, टेबलामागे गेलो, खुंटी सैल केली आणि तार ओढून काढली.

घूंऽऽ.

"अहो, काय करताय हे," पूलवाले अर्धवट उठले. आप्पांनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला, आणि ते बसले. आप्पांनी पुन्हा डोळे मिटले. बऱ्याच वेळाने मांडीवरची बॅग उचलून त्यांनी जमिनीवर ठेवली.

"हां," ते म्हणाले. "हे."

तबकडी संपली. मग आप्पाच म्हणाले, "सेट घेतला तेव्हा ती तार राहूनच गेली होती. मग एकदा एका हुशार शेजाऱ्याने येऊन लावून दिली." हे सांगताना ते पूलवाल्यांकडे पाहत होते. "तर हिची आई बाहेर आली. म्हणाली, काढा ती आधी. घूं झालं की आत मला कळतं तुम्ही बसलात. सुई टेकायच्या आत मी चहा टाकते आणि येऊन बसते. आता तुम्ही कधी बसता ते कळतच नाही, निम्मं गाणं चहातच जातं. म्हणून काढली, आणि पुन्हा कुणी हुशार येऊ नये म्हणून लिहून ठेवलं." त्यांनी टेबलावरची चिठ्ठी उचलली. "ती गेली, मग तो ॲम्प्लिफायरही गेला. दोन वर्षं घर नुसतं गप्प होतं. मला वाटायचं मला गाण्याची आठवण येतेय."

माझे डोळे भरून आले. बायकोचे आधीच भरले होते, पण ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "फ्रिजचा आवाज होता ना तो?" आणि चहा टाकायला आत गेली.

आप्पा आमच्याकडे राहतात, त्याला आता पाच महिने झाले. पूलवाले आठवड्यातून एकदा ते घूं घालवून देण्याची तयारी दाखवतात, आणि मी त्यांना चिठ्ठी दाखवतो. तार मी स्वतः गुंडाळून, तीन वेढे देऊन बांधली आहे. सेक्रेटरींनी चौथी नोटीस अजून काढलेली नाही. ते संध्याकाळी घूं झालं की वर येतात, चहाला.

त्या रविवारी चहा झाल्यावर आप्पांनी बॅग उघडली. आत कपड्यांचे दोन जोड, चष्म्याची पेटी आणि टॉवेलात गुंडाळलेलं ते भिंतीवरचं घड्याळ होतं. म्हणजे निघतानाच ते घेऊन निघाले होते. त्यांनी टॉवेल सोडून ते माझ्या हातात दिलं. "टेबलाच्या वर लावा," ते म्हणाले. "मला त्याची सवय आहे."

मी खिळा ठोकला. स्टूल बायकोने धरलं. घड्याळ टांगताना त्याच्या किल्लीला बांधलेली चिठ्ठी दिसली, दोरा नवा होता. "देऊ नये." खाली दोन रेघा. मी देत नाही. लेखी आहे.